लोण्याच्या कप्प्यातली डबी

मित्रांनो, मला स्वस्थ बसणं जमत नाही. जरा शांत झालो म्हणेपर्यंत पोटात खट् होतं, घरघर सुरू होते आणि डोक्यावर ठेवलेला डबा थरथरायला लागतो. या घरात मला सगळे 'कुरकुऱ्या' म्हणतात. म्हणेनात का. मी एक जुना, एका दाराचा, पांढरा फ्रीज आहे. पांढरा म्हणजे होतो. आता दुधावरच्या जाड सायीसारखा पिवळसर झालोय. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओट्याला लागून उभा असतो. माझा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. ती कुणी झाडताना उडवली की मी डुलतो आणि माझ्या आतल्या बाटल्या एकमेकींना टकरा मारतात.

माझा जन्म कारखान्यात झाला हे तुम्ही ओळखलंच असेल. पत्रा वाकवला, रंग चढवला, मोटर बसवली, गॅस भरला. शेवटी एक तपासनीस आला. त्याने माझ्या दारात कागदाची एक पट्टी धरली, दार लावलं आणि पट्टी ओढून बघितली. पट्टी हलली नाही. "पक्कं आहे," असं म्हणून तो पुढच्या फ्रीजकडे गेला. आयुष्यातली माझी ती पहिली शाबासकी. अजूनही दार नीट लागलं की मला त्या माणसाची आठवण येते.

मला या घरात आणलं ते आजोबांनी. ते बसच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या सोबत्यांनी मला जिन्यावरून उचलून आणलं आणि धापा टाकत माझ्यातलंच पहिलं गार पाणी मागितलं. मी तेव्हा नुकता चालू झालो होतो, पाणी कोमटच होतं. तरी सगळ्यांनी "वा, काय गार आहे" म्हणून ते संपवलं. आजूबाजूच्या घरांत तेव्हा फ्रीज नव्हता. कुणाला ताप आला की बर्फ न्यायला माणूस आमच्याकडे. माझा काय थाट होता म्हणून सांगू.

आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. समोर भोकांचा फळा आणि हातात वायरी. कोणाचा फोन कुठे जोडायचा ते त्या न बघता बोटांनी शोधायच्या. घरीही तसंच. माझ्यातली प्रत्येक वस्तू एका ठरलेल्या जागी हवी. दूध इथे, अंडी तिथे. दार उघडून, दुसरीकडे बघत, कुणाशी बोलत त्या बरोब्बर हवं ते बाहेर काढायच्या. मला फार अभिमान वाटायचा. मी जणू त्यांचा दुसरा फळाच झालो होतो.

त्यांना एकच मुलगा, बाळ. आता त्याला टक्कल पडलंय आणि तो रंगाच्या दुकानात विक्रेता आहे, तरी अजून बाळच. त्याच्या लहानपणच्या एका नाताळाची गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्या वर्षी आजोबांनी डेपोतल्या सोबत्यांना जेवायला बोलावलं. ते सगळे मुलाबाळांसकट आले. आजींनी केलेला केक होता एवढासा. कापता कापता पातळ होत गेला आणि शेवटच्या पाहुण्याच्या पोराला तुकडा उरलाच नाही. आजींनी बाळकडे बघितलं. बाळने मुकाट्याने आपली बशी त्या पोरापुढे सरकवली. मग पाणी प्यायचं निमित्त करून तो माझ्याकडे आला, दार उघडलं आणि माझ्या दिव्याच्या उजेडात तोंड आत घालून रडला. "मोठा झालो की काही कमी पडू देणार नाही," असं तो माझ्या दुधाच्या भांड्याला सांगत होता. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

बाळ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आजोबा गेले. सूनबाई आल्या, त्या दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावायचं काम करतात. त्यांना मुलगी झाली. लहानपणी तिने माझ्यातले काजूबदाम पळवून उशीखाली साठवले, म्हणून तिचं नाव पडलं खारू. आता तीही बुटांच्या दुकानात कामाला लागलीय. घर तेच, मीही तोच. बदलला तो नाताळ.

या घराची एक रीत आहे. नाताळासाठी जे काही आणायचं ते गुपचूप आणायचं, लपवून ठेवायचं आणि त्या दिवशी टेबलावर एकदम मांडायचं. आजोबांच्या काळात यात फार गंमत होती. लपवायला असायचं तरी काय? चार संत्री, एखादं चॉकलेट. पण आता कमावणारे झाले तिघे आणि तिघांचीही गुपितं माझ्याच पोटात. एकाने काय आणलं हे दुसऱ्याला विचारायचं नाही, कारण विचारलं तर गंमत गेली. मग काय होणार? बाळ चीज आणतो, सूनबाई चीज आणतात, खारू आणखी वेगळं, महागातलं चीज आणते. वर बाळचं पालुपद ठरलेलं, "काही कमी पडायला नको."

कमी कधी पडलंच नाही. उलट नाताळ उलटला की मला धडकी भरायची. सूनबाई नाक मुरडत एकेक डबा उघडायच्या आणि वास घेऊन बादलीत रिकामा करायच्या. मी दिवसरात्र जागून जे राखलं, जे गार ठेवलं, ते सगळं सरळ कचऱ्यात. त्यातलं काही तर वेष्टनही न फोडलेलं. मित्रांनो, तुम्ही मन लावून केलेला अभ्यास कुणी न बघताच फाडून टाकला तर कसं वाटेल? मला तसं वाटायचं. मी घुरघुरायचो. बाळ म्हणायचा, "म्हातारा झालाय, बदलायला पाहिजे."

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

आजींना मधुमेह आहे. त्या इन्सुलिन घेतात. चालू बाटली त्यांच्या खोलीतल्या टेबलावर असते आणि नव्या बाटल्या एका निळ्या डबीत, माझ्या दारातल्या लोण्याच्या कप्प्यात. ही जागा त्यांनी स्वतः निवडली होती. मोतीबिंदूमुळे त्यांना आता नीट दिसत नाही, पण बोटं तीच जुनी. दार उघडायचं, कप्प्याचं झाकण वर करायचं, डबी हाती. त्या डबीला कुणी हात लावत नसे.

नाताळ जवळ आला तशी माझ्यात भर पडायला लागली. सॉसेज, भाजलेली कोंबडी, मलईचे डबे, रसाच्या बाटल्या. दार लावताना ढकलावं लागू लागलं. एवढं सगळं गार राहावं म्हणून बाळने माझं बटण फिरवून पार शेवटच्या आकड्यावर नेलं. मग तो एक भला मोठा केकचा खोका घेऊन आला. घरात कुणी नव्हतं. खोका मधल्या फळीवर मागे लपवायचा, तर रसाच्या बाटल्या दारात हलवाव्या लागणार. बाटल्या दारात ठेवायच्या तर आधीची चॉकलेटं कुठे घालणार? शेवटी त्याने लोण्याच्या कप्प्यातली निळी डबी काढली, तिथे चॉकलेटं कोंबली आणि डबी वरच्या फळीवर, बर्फाच्या कप्प्याखाली, अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. "दोनच दिवस," असं तो स्वतःशीच म्हणाला. मग खोक्याची कड उघडून केकचा एक कोपरा चमच्याने कापून उभ्या उभ्याच खाल्ला. चमचा धुऊन जागेवर ठेवला.

मी ओरडलो असतो. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, माझ्यासारख्या जुन्या फ्रीजची मागची भिंत सगळ्यात थंड. तिथे टेकवलेली भाजीसुद्धा काचेसारखी कडक होते. त्यात बटण शेवटच्या आकड्यावर. मी पडलो हुकमाचा ताबेदार. बटण सांगेल तेवढं गार करायचं, एवढंच मला येतं. डबीतल्या औषधाच्या बाटल्या गोठल्या. दुसऱ्या दिवशी दाराची सतत उघडझाप झाली, आत गरम हवा शिरली आणि त्या परत वितळल्या. वरून बघाल तर काही झालंच नाही असं वाटावं.

नेमकी त्या संध्याकाळी आजींची टेबलावरची बाटली संपली. त्या आल्या, दार उघडलं, कप्प्यात बोटं घातली. चॉकलेटं लागली. परत चाचपलं, परत चॉकलेटं.

"अगं, माझी डबी कुठंय?"

सूनबाईंनी वाकून आत शोधलं. "ही काय, मागे आहे. तुम्हीच ठेवली असेल आई, विसरलात."

"मी? मी कशाला तिथे ठेवीन?"

"मग आपोआप गेली का?" सूनबाई हसून म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आजी हसल्या नाहीत. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. बाटली नेहमीसारखी दोन्ही तळव्यांत घोळवून त्यांनी उबदार केली आणि औषध टोचून घेतलं. औषध मुळातच पांढुरकं, त्यात तरंगणारे बारीक कण त्यांना दिसणार तरी कसे? उरलेली डबी सूनबाईंनी परत मागेच ठेवली, दारात जागा नव्हती.

तिथून माझ्या जिवाला घोर लागला. आजी पाण्याला यायला लागल्या. घटकाभराने परत. पुन्हा परत. माझ्या पाण्याच्या बाटल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या. पुढच्या दिवशी त्यांनी बोट टोचून साखर तपासली. आकडा खारूने वाचला आणि तिचा चेहराच उतरला.

"आजी, काय खाल्लंस तू?"

"काही नाही गं. पोळी नि भाजी, तुझ्याबरोबरच."

सूनबाई माझ्याकडे आल्या. सामान सरकवताना त्यांना मागचा खोका दिसला, त्याची उचकटलेली कड दिसली, आतला कापलेला कोपरा दिसला. त्यांनी दार हळूच लावलं आणि आजींपाशी जाऊन बसल्या.

"आई, राग मानू नका. तो आतला केक तुम्ही थोडा खाल्लात का?"

"मला केक कुठे आहे तेच ठाऊक नाही."

"कबूल केलंत तर आम्ही काही बोलणार नाही. पण डॉक्टरांना खरं सांगायला लागेल ना."

"अगं, नाही खाल्ला म्हणते ना मी."

बाळ तिथेच स्टुलावर चढून खिडकीत चांदणी टांगत होता. त्याचे हात थांबले. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हणालो, बोल रे बाळ, आता तरी बोल. पण बोलला असता तर केक त्याने आणला हे सगळ्यांना कळलं असतं, गंमत गेली असती. शिवाय आपल्याच मुलीसमोर चोरून खाल्लं म्हणायचं, लाज वाटते माणसाला. "जाऊ दे ना, सणाचे दिवस आहेत," एवढंच तो म्हणाला आणि दोऱ्याला गाठ मारत बसला. त्याला काय वाटलं असेल ते मी सांगू शकतो. एवढ्याशा कोपऱ्याने काय होणार आहे, आईने दुसरं काहीतरी खाल्लंच असेल.

मला तोंड आहे मित्रांनो, पण ते दुसऱ्यांनीच उघडायचं. घरात खरं काय ते जाणणारा मी एकटा आणि मला येते फक्त घरघर. मी रात्रंदिवस घरघरलो. "याला झालंय तरी काय," म्हणून खारूने माझ्या पाठीवर एक थाप मारली, बस.

नाताळाच्या आदल्या दिवशी तिघंही आणखी पिशव्या घेऊन आले. सूनबाईंचाही केक आला, खारूचाही आला. तिन्ही खोके माझ्यात. आता दार लागेना. खारूने ते मांडीने दाबलं, पण रबर एका बाजूने उघडंच राहिलं. बाहेरची हवा आत, मोटर थांबायचं नाव घेईना, पाठ तापून लाल व्हायची वेळ आली. आणि मग खट्. मी बंद पडलो. सगळं उघडकीला यावं म्हणून मी मुद्दाम बंद पडलो असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? माझ्याच्याने रेटेना, म्हणून मी पडलो.

खालच्या मजल्यावर फ्रीज दुरुस्त करणारे काका राहतात. ते पिशवी घेऊन वर आले. त्यांनी खिशातून कागद काढला, त्याची पट्टी फाडली, माझ्या दारात धरली. पट्टी आपली आपण खाली पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोटर तापलीय," काका म्हणाले. "आत वारं फिरायला जागा तर पाहिजे की नाही? आधी सगळं बाहेर काढा."

मग तिघंही माझ्यासमोर फरशीवर बसले आणि माझी गुपितं एकेक बाहेर यायला लागली. एक केक, दुसरा केक, तिसरा केक. चीजच्या लाद्या. मलईचे एकासारखे एक डबे. सुरुवातीला हसू फुटलं. "अहो, तुम्ही पण?" "आई, तू पण?" मग हसू हळूहळू थांबलं, कारण फरशी भरली तरी मी रिकामा होईना. शेवटी वरच्या फळीवर मागे राहिली ती निळी डबी. ती भिंतीच्या बर्फात रुतून बसली होती. काकांनी गरम पाण्यात फडकं भिजवून लावलं, तेव्हा कुठे ती सुटली.

सूनबाईंनी त्यातली बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत बर्फाचा गोळा होता. मग त्या धावत आजींच्या खोलीत गेल्या, टेबलावरची चालू बाटली आणली आणि तीही उजेडात धरली. काचेला कण चिकटले होते. त्यांनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बोलणं लांबलं नाही.

"गोठलेलं औषध म्हणजे पाणीच म्हणाल्या. दोन दिवस आपण आईंना पाणी टोचतोय," त्या म्हणाल्या. "लगेच घेऊन या म्हणाल्या." मग त्यांचा आवाज चढला. "तिथे ठेवली कुणी ही डबी?"

आजी खुर्चीत होत्या. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे, श्वास जड. बाळ उठून त्यांच्यापाशी गेला आणि खाली बसला.

"मी ठेवली, आई. आणि तो केकही मीच खाल्ला."

आजींनी डोळे उघडायला वेळ घेतला. "मग बोलला का नाहीस रे?" त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं, माझं डोकंच गेलं. मीच ठेवली असेल, मीच खाल्लं असेल आणि मलाच आठवत नसेल."

बाळ लहानपणी रडला होता तसाच रडला, फक्त या वेळी सगळ्यांसमोर. काकांनी आणि त्याने आजींना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून खाली नेलं. सूनबाई पर्स घेऊन मागे धावल्या.

मी दार सताड उघडं टाकून उभा राहिलो. माझ्यातून पाणी ठिबकत होतं आणि फरशीवर सगळा बाजार मांडलेला. खारू एकटी घरी राहिली होती. सामान खराब होईल म्हणून तिने एक केक उचलला आणि शेजारी द्यायला गेली. परत आली ती केक घेऊनच. मलई घेऊन वरच्या मजल्यावर गेली, तीही परत आणली. प्रत्येक घरातून तेच उत्तर, "अगं, आमच्याकडेच इतकं झालंय, ठेवायला जागा नाही." एकाही घरातला फ्रीज रिकामा नव्हता. माझी जातभाई मंडळी सगळीच गुदमरत होती म्हणायची. खारू जिन्यात केक मांडीवर घेऊन बसली. टेलिफोन वाजला की धावायची, नाही वाजला की परत येऊन बसायची.

तो नाताळ आजींनी दवाखान्यात काढला. साखर ताब्यात यायला वेळ लागला आणि तोवर माझा जीव टांगणीला. घरात कुणी केक कापला नाही. कोंबडीला वास आला, मलई आंबली, सगळं बादलीत गेलं. या वेळी सूनबाईंनी नाक मुरडलं नाही. डोळे पुसत पुसत त्यांनी ते टाकलं.

आजी घरी आल्या त्या दिवशी बाळ म्हणाला, "मी ठरवलंय आई, मोठा दोन दारांचा फ्रीज घेऊ. सवलत चालू आहे."

म्हणजे मी भंगारात.

"कशाला? हा काय छोटा होता होय?" आजी म्हणाल्या. "मला सांग, त्या वर्षी केक कमी पडला होता, आठवतं तुला? डेपोतली माणसं आली होती बघ."

"म्हणून तर," बाळ म्हणाला, "तेव्हापासून मी काही कमी पडू देत नाही."

"अरे वेड्या, मला तर तोच नाताळ आठवतो. तू तुझी बशी त्या पोराला दिलीस. तुझे बाबा डेपोत कितीतरी वर्षं सांगत होते, माझ्या बाळने असं केलं म्हणून. तुला नाही बोलले कधी?"

बाळ उठला. पाणी प्यायचं निमित्त करून माझ्याकडे आला, दार उघडलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी दिवा लावला. मला तेवढंच येतं.

काकांनी माझं रबर बदललं, मोटर साफ केली. आणि या वर्षी काय झालं म्हणाल? बाजारात जाण्याआधी तिघं माझ्यासमोर आले, दार उघडून काय आहे ते बघितलं आणि कोण काय आणणार ते मोठ्याने ठरवलं. गुपित फक्त भेटीचं, तेही प्रत्येकी एकच आणि माझ्या पोटात मावेल एवढंच. केक एक. जेवायला काका आणि त्यांचं कुटुंब. खारूने केक कापला आणि शेवटी एक तुकडा कमी पडला. सगळे बाळकडे बघायला लागले. त्याने आपल्या तुकड्याकडे बघितलं, सुरीने त्याचे दोन भाग केले आणि अर्धा काकांच्या बशीत टाकला. "पडला की हो कमी," असं म्हणून तोच आधी हसला.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. सणाला जरूर आणा, गोड खा, पण पिशवी उचलण्याआधी घरातला फ्रीज एकदा उघडून बघा. आणि त्यात थोडी जागा रिकामी सोडा. ती वाया जात नाही, तिच्यातूनच गार वारं सगळ्यांपर्यंत पोहोचतं. आमच्या पोटात काय चाललंय ते आम्हाला सांगता येत नाही, तुम्हीच बघायला हवं.

मी अजूनही स्वस्थ नाही. संध्याकाळ झाली की माझं सगळं लक्ष दाराकडे लागतं. आत्ताच आजी आल्या. खारूशी काहीतरी बोलत, दुसरीकडे बघत त्यांनी दार उघडलं, कप्प्याचं झाकण वर केलं आणि बोटं आत घातली. डबी तिथेच होती.